खोर हदारचे तीन बार

मित्रांनो, मी एक जुनी तोफ आहे. खोर हदारच्या मातीच्या किल्ल्यासमोर, समुद्राकडे तोंड करून, सिमेंटच्या दोन ठोकळ्यांवर मला ठेवले आहे. माझे तोंडही सिमेंटनेच बुजवले आहे, कारण मुले आत शीतपेयांचे रिकामे डबे टाकत असत. संध्याकाळी लोक गाड्या लावून येतात आणि माझ्या पाठीवर बसून फोटो काढतात. उन्हाळ्यात कोणी बसत नाही. पाठ भाजते.

माझ्या जन्माचे मला फारसे आठवत नाही. आधी खूप धग होती, मग एकदम गारवा आला. कोणत्या देशात मला ओतले, कोणत्या राजासाठी ओतले, ते मला कोणी सांगितले नाही. माझ्या अंगावर एक मुकुट उमटवलेला होता, तो पुढे खाऱ्या पाण्याने खाऊन टाकला. एका गलबतावर मी होते. ते गलबत बुडाले आणि मी वाळूत जाऊन पडले. तिथे कालवांचे शिंपले माझ्या अंगावर वाढले. मी कोणावर गोळा टाकला होता की नाही, हेसुद्धा मला आठवत नाही.

मोती काढणाऱ्या पाणबुड्यांनी मला शोधले. त्यांच्यातला सनगूर नावाचा एक माणूस दोर घेऊन खाली आला आणि त्याने माझ्या गळ्यात गाठ मारली. तो खोर हदारच्या शेखांचा गुलाम होता. लहानपणी त्याला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणले होते. मला वर काढून बुरुजावर चढवले, तेव्हा शेखांनी विचारले, "हिला कोण सांभाळणार?" सनगूर म्हणाला, "मीच. माझ्यासारखीच दिसतेय, कुठून आणली ते कुणाला ठाऊक नाही." सगळे हसले. मग तोच माझा गोलंदाज झाला.

बुरुजावरून मला सगळा मुलूख दिसे. समोर खाडी, खाडीत कांदळवन, किनाऱ्यावर वाळत घातलेली तारली मासळी, मागे खजुराच्या बागा आणि त्यांच्यामागे काळे डोंगर. एवढेच खोर हदार. एका बाजूने निघालेला उंट दुपारच्या नमाजापर्यंत दुसऱ्या टोकाला पोचे. समुद्र मात्र इंग्रजांचा होता. किनाऱ्यावरच्या सगळ्या शेखांनी कधी काळी त्यांच्याशी तह केला होता की समुद्रावर कोणी लढायचे नाही. बदल्यात इंग्रज त्यांचे रक्षण करणार होते. कोणापासून, हे तहात स्पष्ट नव्हते असे उबैद नाखवा म्हणत असे. हा उबैद आमच्या गावातला सर्वांत मोठा होडीवाला. त्याची जीभ फार तिखट होती.

एका सकाळी इंग्रजांची युद्धनौका खाडीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. गावात चोरून बंदुका उतरल्या आहेत, त्या द्या, असा निरोप आला. त्या वेळचे शेख म्हणाले की बंदुका नाहीत. मग नौकेने किल्ल्यावर गोळे टाकायला सुरुवात केली. सनगूर बत्ती घेऊन माझ्याजवळ उभा होता. तो खालच्या अंगणाकडे बघून ओरडत होता, "टाकू का? शेख, एक टाकू का?" शेख खालून म्हणाले, "खबरदार! तू एक टाकलास तर ते शंभर टाकतील." सनगूरने बत्ती खाली ठेवली. तेवढ्यात बुरूज ढासळला. सनगूर खाली पडला आणि मी त्याच्यावर पडले.

मित्रांनो, तेव्हा मला काय वाटले असे तुम्ही विचाराल. मला काही वाटले नाही. लोखंड तापते आणि निवते, त्यापलीकडे त्याचे मला माहीत नाही. सनगूरचा तरणा मुलगा मबरूक दोर आणि ओंडके घेऊन आला. चार माणसांच्या मदतीने त्याने मला बाजूला केले आणि बापाला ओढून काढले. दफन करून तो परत आला, तेव्हा त्याच्या हातात चिंधी होती. मुशी माशाच्या काळजाचे तेल, जे होड्यांना लावतात, ते त्याने माझ्या अंगाला चोळले. त्याने मला शिवी दिली नाही. बंदुका कधीच सापडल्या नाहीत. बुरूज पुन्हा बांधला नाही. माझ्यासाठी बाभळीच्या लाकडाचा गाडा करून मला दाराशी आणून ठेवले.

तिथे माझी कामाची वर्षे गेली. ईदचा चंद्र दिसला की माझा बार निघे. मोत्यांच्या होड्या महिनोन् महिने समुद्रावर राहून परतल्या की बार निघे, आणि बायका कोणाचा नवरा आला, कोणाचा नाही, ते बघायला किनाऱ्यावर धावत. मबरूक दारू ठासायचा, माझ्या कानात, म्हणजे बत्ती लावायच्या भोकात, रंजक भरायचा, बत्ती द्यायचा. कानांत कापूस घाल, असे त्याची बायको सआदा त्याला रोज सांगे.

"कापूस घातला तर हिचा सूर कसा कळणार?" तो म्हणे.

"सूर? ती काय गाते का? बहिरा झालास की मग मी गाईन तुझ्यासमोर, बस ऐकत."

आणि तो खरेच बहिरा झाला. आधी डावा कान गेला, मग उजवा बराचसा. त्याच्याशी बोलायचे तर दोन्ही हात तोंडाभोवती धरून ओरडावे लागे. सआदाचा आवाज इतका मोठा झाला की ती घरात नवऱ्याला "मीठ दे" म्हणाली तरी खाडीपलीकडच्या माणसाचा हात मिठाच्या भांड्याकडे जाई.

पुढे आमच्या गादीवर शेख मतर आले. ते चांगले होते, थोडे तापट होते. त्यांना एक गोष्ट सलत असे. किनाऱ्यावरच्या इतर शेखांना इंग्रज मान देत, तोफांची सलामी देत. आमच्या शेखांना देत नसत. इंग्रजांच्या लेखी खोर हदार हे शेजारच्या रास जुवैरचे एक खेडे होते. शेख मतर पत्रे पाठवत. उत्तर रास जुवैरच्या शेखाला येई.

मग विमाने आली. इंग्रजांना त्यांच्या देशापासून हिंदुस्थानापर्यंत विमाने न्यायची होती, आणि वाटेत काही बिघडले तर उतरायला सपाट जागा हवी होती. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये तशी जागा आमच्याकडे होती. एके दिवशी इंग्रजांचा वकील मिर्झा तकी छत्री उघडून किल्ल्यावर आला. तो पलीकडच्या इराणी किनाऱ्यावरचा, गोड बोलणारा. माझ्याशेजारच्या ओट्यावर कॉफी आली, खजूर आले.

"शेखसाहेब," मिर्झा म्हणाला, "आपण त्या माळावर विमानं उतरू द्यायची. सरकार आपल्याला स्वतंत्र शेख मानेल. तीन तोफांची सलामी."

"तीन? रास जुवैरच्या त्या उंटचोराला किती?"

"त्यांनाही तीनच."

"आणि तिकडे वर, मोठ्या बंदरातल्याला?"

मिर्झा घुटमळला. "पाच."

"त्याच्याकडे काय जास्त आहे?"

"मोती, शेखसाहेब."

"आणि मोती संपले म्हणजे? बार परत घेणार?"

मिर्झा हसला आणि त्याने आणखी एक खजूर घेतला. मबरूक माझा गाडा पुसत होता. त्याला एवढेच कळले की काहीतरी मागणे चालले आहे. त्याने विचारले, "काय हवंय त्यांना?"

"जमीन!" उबैद नाखवा त्याच्या कानात ओरडला. "सपाट!"

"सपाट जमीन? न्या म्हणावं. आपल्याला तिच्यावर बकरीसुद्धा चारता येत नाही."

शेख मतर खो खो हसले आणि त्यांनी तहावर शिक्का उठवला.

तो दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा. मला काळा रंग दिला होता. युद्धनौका खाडीच्या तोंडाशी आली. तिने तीन बार काढले, पण या वेळी गोळे आले नाहीत. मग मी तीन बार काढले. बायकांनी जिभा हलवून आनंदाचा आवाज काढला, हलव्याची परात फिरली, शेख मतर यांनी सर्वांसमोर माझ्या तोंडावरून हात फिरवला. लोक म्हणाले, काय आवाज आहे आपल्या तोफेचा! त्या दिवशी आमचे गाव राज्य झाले. आदल्या दिवशीही डोंगर तेच होते आणि तारली तीच होती.

मबरूकने तिन्ही बार काढले. त्यानंतर त्याच्या उजव्या कानात जे काही उरले होते, त्यातलेही बरेच गेले.

दोन-तीन हिवाळे बरे गेले. मग शेख मतर उथळ पाण्यात चालत असताना त्यांच्या पायात पाकट माशाचा विषारी काटा घुसला. पाय काळा पडला, ताप चढला, आणि जुम्याच्या नमाजानंतर त्यांना पुरावे लागले. त्यांचा मुलगा सुहैल नुकता रांगत होता. गादीवर शेख मतर यांच्या दोन चुलतभावांनी हक्क सांगितला. दोघांनी डोंगरातली माणसे जमवायला सुरुवात केली. तेव्हा शेख मतर यांची थोरली बहीण शेखा मौझा हिने बाळाला कडेवर घेतले, किल्ल्याचे दार आतून लावले आणि गावातल्या मोठ्या माणसांना निरोप धाडला: माझ्या भाच्याच्या वतीने कारभार बघायला माणूस निवडा, तोवर दार उघडणार नाही.

माणसे दारासमोर, माझ्याभोवती बसली. पुष्कळ वाद झाला. शेवटी उबैद नाखवा म्हणाला, "हा चुलतभाऊ बसला तर माझा गळा कापेल. तो बसला तर या सालेमचा कापेल. ज्याला कुणाचाच गळा कापायचा नाही असा माणूस गावात कोण आहे?"

"मबरूक," सालेम सोनार म्हणाला.

लोक हसले, मग हसायचे थांबले. आतून दाराच्या फटीतून शेखा मौझाचा आवाज आला. "मला चालेल. त्याने माझ्या भावाला खांद्यावर खेळवलंय."

"पण तो गुलाम आहे," कोणीतरी म्हणाले.

"माझाच आहे ना? मग मी सांगते, चालेल."

सगळ्यांनी मबरूककडे पाहिले. तो माझी नळी पुसायच्या गजाला चिंधी गुंडाळत होता. सआदाने जाऊन त्याच्या कानात ओरडून सांगितले, "तुला कारभारी करतायत!"

"कशाचा?"

"सगळ्याचा! पोर मोठं होईपर्यंत!"

त्याने सगळ्यांकडे पाहिले. "बरं," तो म्हणाला. "पण मला ऐकू येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो."

आणि मित्रांनो, तेच आमच्या गावाच्या कामी आले. शेख लोक गाऱ्हाणी ऐकत ती दिवाणखान्यात, कानाशी लागून. कोणी कोणाविरुद्ध काय सांगितले, ते बाहेर कळत नसे. मबरूक माझ्याशेजारच्या ओट्यावर बसे, आणि ज्याला गाऱ्हाणे सांगायचे असेल त्याला समोर उभे राहून ओरडावे लागे. सगळा किनारा ऐके. तारली पालथी करणाऱ्या बायका हात थांबवून ऐकत. खोटे बोलायला हळू आवाज लागतो. ओरडून खोटे बोलणे फार थोड्यांना जमते.

हमामा नावाच्या विधवेची शेळी हरवली. ती शेजारच्या फरजने नेली, असे ती म्हणाली. मबरूकने फरजला बोलावले.

"मी नाही नेली," फरज पुटपुटला.

"काय?"

"मी नाही नेली!"

"मोठ्याने बोल, बाबा."

"मी... तिची शेळी..." फरजचा आवाज चिरकला. किनाऱ्यावरून सआदा ओरडली, "अरे, आम्हाला इथवर ऐकू आलं, नेलीस म्हणून!" हशा पिकला. संध्याकाळी शेळी परत गोठ्यात होती. मबरूक निवाडा फारसा करत नसे. तो नुसता ऐके आणि शेवटी म्हणे, "ऐकलं." बहुतेक वेळा तेवढ्यावर भागे. दोन्ही चुलतभावसुद्धा एकदा येऊन ओरडून गेले. त्यानंतर डोंगरातली माणसे पांगली.

मिर्झा तकी छत्री घेऊन आला तो त्या हिवाळ्याच्या शेवटी. त्याला एकांतात बोलायचे होते. पण मबरूकशी एकांतात कसे बोलणार?

"साहेबांचं म्हणणं असं," मिर्झा हळूच म्हणाला.

"काय?"

मिर्झाने इकडेतिकडे पाहिले आणि घसा साफ केला. "साहेब म्हणतात, गुलामाला सलामी देता येत नाही!"

किनाऱ्यावरच्या बायका थांबल्या.

"मला सलामी नको," मबरूक म्हणाला. "मी ती देतो. घेत नाही."

"तसं नव्हे! तू बाजूला हो! रास जुवैरचे शेख पोराचे पालक म्हणून बसतील!"

"रास जुवैरचे? ते तर आमच्यावर हक्क सांगत होते."

"साहेबांनी ठरवलंय! त्याबदल्यात तुला मुक्तीचा कागद मिळेल! तू स्वतंत्र!"

मबरूकने विचारले, "म्हणजे मी गुलाम राहणार नाही?"

"नाही!"

"मग अडचण काय उरली? मोकळ्या माणसाला सलामी चालते ना?"

मिर्झाने छत्री मिटली आणि पुन्हा उघडली. त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि तो काही वाईट माणूस नव्हता. उबैद नाखवा मागून म्हणाला, "आता ओरडा की, मिर्झासाहेब." मिर्झा ओरडला नाही. त्याने फक्त छत्रीचे टोक समुद्राकडे केले. खाडीच्या तोंडाशी युद्धनौका उभी होती. ती मबरूकला ऐकू यायची गरज नव्हती.

"सआदाचं नाव घाला कागदावर," तो शेवटी म्हणाला. "आणि लतीफाचं. ती माझी पोरगी आहे."

शेखा मौझाला हे कळले तेव्हा ती बाळाला दाईकडे देऊन स्वतः अंगणात आली. "दार लाव, मबरूक!" ती ओरडली. "मी आत बसते. बघू कोण येतो ते. टाकू देत त्यांना गोळे!"

मबरूकने तिच्यासमोर मान खाली घातली. "भिंत मातीची आहे, शेखा. मागच्या खेपेला ती मीच उपसलीय. खाली कोण होतं, तुम्हाला माहितेय."

शेखा मौझाने ओढणी तोंडावर घेतली आणि ती आत गेली.

रास जुवैरचा शेख आला तो तीस-चाळीस बंदूकवाले घेऊन. रिवाजाप्रमाणे किल्ल्यावरून सलामी व्हायची होती, आणि तोफ चालवणारा माणूस गावात एकच होता. मबरूकने नेहमीसारखी दारू मोजली, ठासली, कान पुसून रंजक भरले. कुठे घाई नाही, कुठे हयगय नाही. तीन बार काढले. कोणी हलवा वाटला नाही. लोक किनाऱ्यावर उभे होते आणि आपापल्या पायांकडे बघत होते. माझे तोंड बराच वेळ गरम राहिले.

मग मिर्झा तकीने त्याच्या हातात कागद दिला. काहीतरी बोलायला हवे म्हणून त्याने विचारले, "कसं वाटतंय आता?"

"काय?"

"स्वतंत्र झालास! कसं वाटतंय, म्हणून विचारतोय!"

मबरूकने दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले. "हात काळे झाले," तो म्हणाला.

नव्या पालकाला तो गावात नको होता. उबैद नाखव्याने त्याला, सआदाला आणि लतीफाला होडीवर घेतले आणि ती तिघे वर मोठ्या बंदराकडे गेली. जाताना मबरूकने मला तेल लावले. तेल उन्हात सुकले. मग पुष्कळ वर्षे कोणी लावले नाही.

त्या वर्षांचे सांगण्यासारखे फार नाही. नवा गोलंदाज आला नाही. ईदला बार होईना. माझ्या गाड्याचे एक चाक कोणीतरी जळणाला नेले. मधे मोठे युद्ध झाले, विमाने रोज उतरू लागली, मग उतरेनाशी झाली. नवी विमाने एका दमात फार लांब जात, त्यांना मधे थांबायची गरज नव्हती. माळावर पूर्वीसारखेच काही उगवत नव्हते. सुहैल मोठा झाला. तो उंच, सभ्य, अबोल तरुण होता. दाढी फुटल्यावर गादीवर बसवू, असे त्याला सांगितले होते. दाढी फुटून बरेच दिवस झाले होते.

एके दिवशी एक तरुण इंग्रज अधिकारी आला. सुहैलने स्वतः त्याला कॉफी ओतून दिली. अधिकारी चांगली अरबी बोलला. म्हणाला की सरकारने सगळा विचार करून ठरवले आहे, खोर हदार आता वेगळे राज्य नाही, ते रास जुवैरमध्ये जाईल, आणि शेख सुहैल यांनी किल्ल्यात राहायला कोणाचीच हरकत नाही. सुहैल म्हणाला, "आणखी कॉफी घ्या." अधिकाऱ्याने कप हलवला, म्हणजे पुरे. मग निशाण उतरवले. एका खलाशाने हातोडा आणि खिळा आणला आणि माझ्या कानात खिळा ठोकला, म्हणजे पुन्हा कोणी बार काढू नये. ठोकताना तो शीळ घालत होता. मला दुखले नाही.

आमचे राज्य आले तेव्हा सहा बार झाले होते, तीन त्यांचे आणि तीन माझे. गेले तेव्हा शेजारच्या घरातल्या माणसालाही कळले नाही. शेखा मौझा त्याच थंडीत वारली. सुहैल किल्ल्यातून बाहेर पडेनासा झाला. वेळेवर जेवत असे, वेळेवर नमाज पढत असे, कोणी काही विचारले तर "ठीक आहे" म्हणत असे. लोक म्हणाले, शेर आहे पोरगा, डोळ्यांतून टिपूस काढला नाही.

पुढल्या वर्षी मबरूक परत आला. त्याची दाढी पांढरी झाली होती आणि आता त्याला काहीच ऐकू येत नव्हते, फक्त सआदाचा आवाज थोडा पोचे, तोही कानाला तोंड लावल्यावर. लतीफाचे लग्न मोठ्या बंदरात झाले होते. तो सरळ माझ्याकडे आला. कमरेच्या पिशवीतून तेलाची बाटली काढली, चिंधी काढली, आणि पुसता पुसता त्याचे बोट खिळ्यावर थांबले.

"हिच्या कानात काय घातलंय?"

"सुहैलचं राज्य गेलं!" सआदा ओरडली.

"कोण घेऊन गेलं?"

"ज्यांनी दिलं त्यांनीच नेलं!"

"बार झाले?"

"नाही!"

"असं कसं?" तो म्हणाला. "बाराशिवाय कसं नेतील?"

तो ओट्यावर बसला. सआदाचा आवाज किल्ल्यात गेला असणार, कारण दार उघडले आणि सुहैल बाहेर आला. तो मबरूकसमोर येऊन उभा राहिला. कळत्या वयात त्याने मबरूकला कधी पाहिलेच नव्हते, फक्त आत्याकडून ऐकले होते.

"मबरूककाका," तो म्हणाला. "मी सुहैल."

मबरूकने हात कानामागे धरला.

"मी सुहैल! मतरचा मुलगा!"

मबरूकने मान हलवली आणि समोरच्या जागेकडे हात केला. सआदा म्हणाली, "काही सांगायचं असेल तर सांगा, शेख. पण मोठ्याने सांगा."

"काही नाही सांगायचं," सुहैल म्हणाला. "ठीक आहे सगळं."

मबरूकने पुन्हा कान पुढे केला. तो वाट बघत होता.

"ठीक आहे!" सुहैल मोठ्याने म्हणाला.

मबरूकने डोके हलवले. नाही आले ऐकू.

"ठीक आहे! सगळं ठीक..." त्याचा आवाज फुटला. किनाऱ्यावर जाळी शिवणाऱ्या माणसांनी माना वर केल्या. "मला कोणी विचारलं नाही! मी त्याला कॉफी दिली! माझ्या हाताने दिली! तो सांगत होता आणि मी हसत होतो, काका! मी आणखी कॉफी घ्या म्हणालो! मला काही वाटेना! आत्या गेली तरी वाटेना! मला अजून काही वाटत नाही!"

तो किती वेळ ओरडला ते मी सांगू शकत नाही. गावातले लोक जमले, पण कोणी जवळ आले नाही. मबरूकची नजर त्याच्या तोंडावरून हलली नाही. शेवटी सुहैलचा श्वास संपला आणि तो माझ्या मोडक्या गाड्याला धरून उभा राहिला.

"ऐकलं," मबरूक म्हणाला.

सुहैलने तोंड पुसले. "मग आता निवाडा?" तो ओरडला.

"निवाडा नाही माझ्या हातात, पोरा. कधीच नव्हता. ऐकणं होतं, ते केलं."

सआदाने दोघांना घरी नेले आणि भात आणि सुरमई वाढली. सुहैलने दोनदा भात मागून घेतला, असे ती नंतर आठवडाभर सगळ्या गावाला सांगत होती. म्हणजे नेहमीच्या आवाजात बोलत होती.

त्या ओरडण्याने काही बदलले नाही, मित्रांनो. राज्य परत आले नाही. मबरूक तीन-चार वर्षे जगला, आणि त्याच्या जनाज्याला सुहैलने पुढून खांदा दिला. पुढे तेल निघाले, आमच्याकडे नव्हे, लांब, पण त्याच्या पैशाचे रस्ते आमच्यापर्यंत आले. इंग्रज गेले. सुहैल बंदरावर कारकून झाला आणि म्हातारा होऊन वारला. नगरपालिकेने माझ्याशेजारी फलक लावला आहे, त्यावर शेख मतर यांचे नाव आहे आणि तीन तोफांच्या सलामीची हकीकत आहे.

जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे माझ्यासारखीने शेवटी म्हणायचे असते. माझी घेतली नाही तरी चालेल. मी जाड आहे, मला गंजायला वेळ लागतो. पण कधी कोणी तुमच्यासमोर येऊन "सगळं ठीक आहे" म्हणाले, आणि ते तुम्हाला खरे वाटले नाही, तर लगेच उठून जाऊ नका. त्याचे दुःख दूर करणे तुमच्या हातात नसेल. तरीही कान पुढे करा, आणि ऐकू आले नाही असे सांगा. त्याला पुन्हा बोलू द्या. जरा मोठ्याने बोलू द्या.